रुमालातला खडा

एका मंगळवारी दुपारी माझा नवरा शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात डबा खाऊन जागेवर येऊन बसला आणि बसल्या जागी गेला.

संध्याकाळी त्याच्या एका सहकाऱ्याने बॅग अड्यारच्या घरी आणून दिली. बाहेरच्या कप्प्यात, रुमालात बांधलेला एक पारदर्शक खडा होता.

त्या वर्षांत ऑफिससमोरचा रस्ता रुंद होत होता. उकरलेल्या मातीत तो सुट्टीच्या वेळी असे खडे शोधायचा. त्याने आणायचा आणि मी ओळखायचा, असा आमचा नेम होता. खडा आधी गालाला लावायचा. काच लगेच कोमट होते, स्फटिक गार राहतो. मग बाटलीवर घासायचा. स्फटिकाने ओरखडा उठतो, कॅल्साइटने नाही. कॅल्साइटवर व्हिनेगर टाकलं की बारीक बुडबुडे येतात. मे महिन्यात गालाला सगळंच गरम लागायचं, म्हणून त्याने खडे फ्रिजमध्ये ठेवले. मग काचही गारच लागली. त्यावर आम्ही आठवडाभर हसत होतो.

तो फसवायचाही. एकदा त्याने खड्यांत खडीसाखर मिसळली. मी ती बाटलीवर घासत राहिले आणि तिचा चुरा व्हायला लागला, तेव्हा म्हणाला, "मास्तरीणबाई, आता चाखूनही बघा."

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मी रुमाल सोडला. बाटलीवर ओरखडा उठला नाही. व्हिनेगर स्वस्थ राहिलं. उलट माझ्या नखाचीच रेघ खड्यावर उमटली. शेवटी जिभेचं टोक लावलं. तोंड आवळून आलं.

तुरटी होती. इकडे दक्षिणेत दृष्ट लागू नये म्हणून दारावर तुरटी बांधतात. रस्त्यासाठी पाडलेल्या एखाद्या घराच्या दारावरची असेल.

तो स्वतः फसला होता, की मला फसवणार होता? बाकीचे खडे तो मातीसकट खिशात टाकून आणायचा. हा एवढा जपून आणला, म्हणजे मौल्यवान वाटला असेल. किंवा घामाने विरघळू नये म्हणून बांधला असेल. दोन्ही त्याच्या स्वभावात बसतं. ज्याला विचारायचं, तो नाही.

बाकीचे खडे मी नंतर एका शाळेला दिले. हा झाकणाच्या बरणीत आहे. ओल्या हाताने मी ती उघडत नाही.