रिकाम्या खुंट्यांचे अजबघर

ज्याच्या अजबघरात पाहायला बहुधा काहीच नसे आणि तरी पाहणाऱ्याची तासभर सुटका नसे, असा माणूस अख्ख्या मुलखात एकच होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. मामाजी एकदा आगगाडीने नागपूरला गेले, तिथले अजबघर पाहून आले आणि भंडाऱ्याकडच्या आमच्या गोरेगावात पाय ठेवताच त्यांनी गोठ्यातली जनावरे परसात नेऊन बांधली. मामी म्हणाल्या, "काऊन जी, ढोरं बाहेर अन् तुमी अंदर?" मामाजी भिंतीत खुंट्या ठोकत म्हणाले, "बापजाद्यायच्या वस्तू ठेवून राहिलो ना!"

गावाने हौसेने वस्तू दिल्या. पावसात डोक्यावरून घ्यायची पळसपानांची इरली, मासे धरायचे बांबूचे सापळे, भात मोजायची लाकडी पायली, कधीच मरून गेलेल्या बैलजोडीच्या घुंगुरमाळा. मामाजींची अट एकच, ज्याची वस्तू त्याने लागेल तेव्हा न्यावी. अजबघर चालवणाऱ्याने घालू नये अशी ही अट! पाऊस लागला की इरली गेली, तळ्यात मासळी आली की सापळे गेले, खळ्याच्या दिवसांत पायली गेली. मामाजींना त्याचे सोयरसुतक नव्हते. पाहुण्याला ते रिकाम्या खुंटीपुढे उभे करत आणि वस्तूचे असे वर्णन करत, की तो घरी जाऊन ती पाहिल्याचे शपथेवर सांगे. इतरांचे कशाला, इरल्यावर पडणारा पाऊस मी स्वतः त्या कोरड्या गोठ्यात ऐकला आहे. दुपारी मामाजी घुंगुरमाळ छातीवर घेऊन निजत आणि कुणी उठवले तर चिडत. "अबे, बैलायची गाडी आता कुठं तळ्याच्या पारीवर आली होती! जरासा थांबला असता तं काय झालं असतं?"

त्यांच्या जिवाला घोर एकच होता. गोठ्याला वाळवी लागली होती, आणि आपल्यामागे हे सारे मातीत जाईल अशी त्यांना भीती होती. म्हणून बाजारातली सरकारी पक्की खोली मिळावी यासाठी त्यांनी अर्जांवर अर्ज केले. अखेर भंडाऱ्याचे साहेब पाहणीला यायचे ठरले, तेही ऐन रोवणीत, भाताच्या लावणीच्या दिवसांत. मामी म्हणाल्या, "एका दिवसापुरत्या मागून आणा ना वस्तू."

"अन् लोकं भिजतीन तं?" मामाजी म्हणाले.

साहेब आले. भिंतभर नुसत्या खुंट्या. "वस्तू कुठे आहेत?" त्यांनी विचारले. मामाजींनी दारातून समोरच्या शेतातल्या धानाच्या बांधीकडे बोट दाखवले. "कामावर गेल्या, साहेब." धुरकट पावसात वाकलेली इरली रोपे लावत हळूहळू मागे सरकत होती. साहेबांनी ती बराच वेळ पाहिली, सुंदर म्हणाले आणि खोली बियाण्याच्या पोत्यांना दिली. मला साहेबांचा राग आला, आणि खरे सांगायचे तर थोडा मामाजींचाही.

पुढे मामाजी गेले तेही रोवणीतच. तिसऱ्या दिवशी कुणी न सांगता सारे गाव आपापली वस्तू घेऊन आले आणि आपापल्या खुंटीला टांगून ओल्या डोक्याने अंगणात उभे राहिले. भर पावसाळ्यात भिंत पहिल्यांदाच भरली होती. मामी दारात थबकल्या. "असं भरलेलं त्यायनं कधी पाह्यलंच नाई," म्हणाल्या. मग पुढे होऊन त्यांनी पहिले इरले काढले आणि ज्याचे त्याच्या हातात दिले. "न्या बापा. तुमी भिजलेले त्यायले चालाचं नाई."

संध्याकाळपर्यंत भिंत पुन्हा रिकामी झाली, आणि मला वाटले, आता कुठे मामाजी घरी आले.