चालू मोटरीची तार

धक्क्यावर त्याला खवीस म्हणत, आणि तोंडावर म्हणत. उभा जन्म बोटींच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेला, पण त्याने कुणाबद्दल चार बरे शब्द काढलेले कुणी ऐकले नव्हते. बोट बिघडली की आधी मालकाच्या अकलेचा उद्धार, मग मोटरीचा, आणि वेळ उरलाच तर दुरुस्ती. हातात कसब होतं, म्हणून लोक शिव्या खाऊन घेत.

त्याची एक खास परीक्षा होती. बॅटरी चार्ज होते की नाही हे बघायला तो चालू मोटरीतच बॅटरीची तार उपटायचा. मोटर चालत राहिली की चार्जिंग ठीक. मीटर म्हणजे कान नसलेल्यांचं खेळणं, असं त्याचं ठाम मत. जुन्या मोटरींनी हे सगळं निमूट सोसलं होतं.

त्याच्या धाकट्या बहिणीच्या नव्या मोटरीला मात्र ते सोसेना. नवरा गेल्यावर ती स्वतः बोट चालवून माणसं पलीकडे पोचवत होती, आणि हेच त्याच्या डोळ्यांत सलत होतं. दोनदा तिची बॅटरी बसली, दोनदा बोट भर पाण्यात बंद पडली. दोन्ही वेळा त्याने रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीला बेताने वीज पाठवणारा डबा, बदलला आणि धक्काभर सांगत सुटला, "बाईच्या हातात मोटर दिली की असंच व्हायचं!" नावाड्यांनी ते उचलून धरलं. आणखी एकदा बंद पडली तर माणसं नेण्याची तिची पाळी काढून घ्यायची, असं ठरलं. पाळी गेली की बोट विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

म्हणून आज तिने नवा डबा स्वतःच बसवला, तारांची टोकं घासून घट्ट केली, मोटर सुरू केली आणि सगळ्या नावाड्यांदेखत त्याला बोलावलं.

"तपास," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.

बॅटरीला मीटर जोडलेला होता. काटा चौदा व्होल्टच्या वर होता, म्हणजे चार्जिंग चालू होतं.

"हे खेळणं बाजूला कर," तो गुरगुरला आणि नेहमीसारखी तार उपटली. मोटर चालत राहिली. तार परत लावून त्याने हात झटकले. "चार्जिंग झकास आहे. खोट चालवणारीत आहे."

"आता काटा बघ."

काटा बारापर्यंत घसरला होता. तिने मोटरीचा वेग वाढवला, तरी हलेना.

"डबे तूच जाळतोस," ती म्हणाली. "चालू मोटरीत तार काढली की विजेला जायला वाट राहत नाही, ती डबाच खाते. नवा बसवलास, त्याच हाताने जाळलास, आणि वर माझ्या नावाने खडे फोडलेस!"

"मीटर भिकार आहे तुझा!"

"असू दे. उतर बोटीतून. परत पाय ठेवलास तर पाण्यात ढकलीन."

कुणी हसलं नाही. शेजारच्या नावाड्याने तेवढं आपल्या मोटरीचं झाकण गुपचूप लावून टाकलं.

मघाचा डबा तिने जळायलाच आणला होता. पिशवीतून दुसरा काढून तिने तो बसवला आणि माणसं घेऊन निघाली. खवीस धक्क्यावर उभा राहिला. आपण चुकलो हे त्याला कळलं होतं, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. सख्खी बहीण, बोटीत परकी माणसं, तरीही मोटर मध्येच बंद पडावी म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता. बोट पलीकडे लागली, माणसं उतरली, आणि ती पुढच्या पाळीसाठी परत फिरली.