दोउ मावशींची दुसरी उत्तरं

वसंतात पिवळी धूळ उडायला लागली की छू वेनश्यूला अजून लानचौच्या कॉलेजातलं जुनं ग्रंथालय आठवतं, आणि दोउ मावशी.

सत्त्याण्णव साल. वेनश्यू मानसशास्त्राची नवखी शिक्षिका होती. कॉम्प्युटरपुढे बसल्यावर माणसाला स्वतःबद्दल किती भरवसा वाटतो, हे मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली चिनीत आणायचं काम विभागप्रमुख फांग सरांनी तिच्या गळ्यात मारलं होतं. बावीस वाक्यं, प्रत्येकाखाली ‘अजिबात नाही’पासून ‘अगदी खरं’पर्यंत पाच चौकोन.

दोउ मावशी ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकांची कार्डं हाताने लिहीत होत्या. अक्षर छापल्यासारखं. कॉम्प्युटरच्या खोलीत बूट काढून, पांढरा डगला चढवून जावं लागे. मावशींनी तो उंबरा कधी ओलांडला नव्हता.

वाक्यं साध्या माणसाला कळतात का, हे पाहायला वेनश्यूने पहिला खर्डा त्यांना दाखवला. ‘कॉम्प्युटर वापरण्यात मी हुशार आहे,’ हे वाक्य वाचून मावशींना हसू आवरेना.

“अहो बाई, स्वतःच्या तोंडाने असं कोण म्हणेल? सगळे मधल्या चौकोनात खूण करून मोकळे होतील.”

“आणि ज्याला काहीच येत नाही तो?”

“तोही मधेच!”

झालंही तसंच. चाचणीसाठी साठ जणांकडून खर्डा भरून घेतला, त्यातल्या पंचेचाळीस जणांनी मधला चौकोन धरला. मग ‘हुशार’ गेलं आणि ‘हरवलेली फाईल मी कुणाला न विचारता शोधून काढते’ आलं. मोगऱ्याचा चहा पीत मावशी एकेक वाक्य पारखायच्या. “हे पुस्तकी झालं,” म्हणायच्या, किंवा, “हे आमच्या गल्लीतही कळेल.”

नवी प्रश्नावली त्याच लोकांकडून महिन्याच्या अंतराने दोनदा भरून घ्यायची होती. माप खरं असेल तर उत्तरं जवळपास तीच यायला हवीत. वाक्यं पारखलेल्या मावशींकडून खरं तर ती घ्यायलाच नको होती, पण “मीही भरणार” म्हणून त्या हटून बसल्या. बाकीच्यांची उत्तरं जुळली. मावशींनी पहिल्या खेपेला सगळीकडे ‘अजिबात नाही’ म्हटलं होतं, दुसऱ्या खेपेला चौदा ठिकाणी ‘खरं’.

“तो कागद काढून टाक,” फांग सर म्हणाले. “आपण पट्टी तपासतोय. मधेच उंची वाढलेलं माणूस काय कामाचं?”

वेनश्यू विचारायला गेली, तशा मावशी चोरी पकडल्यासारख्या लाल झाल्या.

“बावीस वेळा स्वतःच्या हाताने ‘नाही’ लिहून आले. घरी घास उतरेना. मग रोज जेवणाच्या सुट्टीत त्या कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन शिकले. तुमचं काम बिघडलं का हो, बाई?”

“थोडं बिघडलं,” वेनश्यू म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मावशींचा कागद वगळूनच आकडे छापले गेले. पुढची दोन वर्षं मावशींनी आपली सारी कार्डं एकेक करून कॉम्प्युटरवर चढवली आणि निवृत्त होऊन त्या थ्येनश्वेईला लेकीकडे गेल्या. वेनश्यू एकदा मुद्दाम जाऊन त्यांना भेटली. मावशींनी आग्रह कर-करून शेवया वाढल्या, व्याह्यांच्या कुरापती सांगितल्या, जावयाचं कौतुक केलं. कॉम्प्युटरचं नावही निघालं नाही. बस सुटेपर्यंत मावशी खिडकीखाली उभ्या राहून बोलतच होत्या. त्यानंतर भेट झाली नाही.