रेनकोटातला कोट

आमच्या जिन्यात अशी वदंता आहे की आत्या मेलेल्या माणसांचे कपडे घालते. तळमजल्यावरच्या काकू हे सांगताना आवाज इतका खाली आणतात की ऐकणाऱ्याला त्यांच्या तोंडाला कान लावावा लागतो. "अगं, पेपर उघडला की आधी निधनवार्ता! कोण गेलं, केवढ्या अंगाचं होतं, सगळं बघून ठेवते आणि चार दिवसांत त्या दुकानात हजर!"

हे साफ खोटं आहे. आत्या पेपर वाचतच नाही, त्यात चपला गुंडाळते. जुन्या कपड्यांच्या दुकानात ती गुरुवारी जाते, कारण गुरुवारी नवा माल येतो. परत शनिवारी दुपारी जाते, कारण तेव्हा उरलेला माल अर्ध्या किमतीत निघतो. "आणि ते आधीचे मालक चांगले जिवंत असतात," ती म्हणते, "फक्त जाड झालेले असतात."

आत्या आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहते. आठवडाभर ती दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीशेजारी उभी असते आणि घाबरलेल्या लोकांना एकाच सुरात सांगते, "काही नाही होत हं, आ करा." दुकानदारालाही ती त्याच सुरात सांगते, "काही नाही हं यात, कमी करा." दोघंही बिचारे तोंड उघडतात.

हवी ती वस्तू दिसली की आत्या तिच्याकडे बघत नाही, शेजारच्या वस्तूकडे बघते. कापडाला बोटं लावत नाही, एखाद्याचा ताप बघावा तसा हाताचा मागचा भाग टेकवते. मग नाक मुरडते आणि पुढे जाते. त्या वेळी तिच्या कानांच्या पाळ्या लाल होतात, एवढीच काय ती चुगली. म्हणून ती दुकानात जाताना डोक्याला रुमाल बांधते.

त्या गुरुवारी रुमालाखाली पाळ्या नुसत्या पेटल्या होत्या. समोर एक राखाडी कोट लटकत होता. कापड जाड, अस्तर शाबूत, एकच बटण वेगळं. पण आत्याचा जीव अडकला तो त्याच्या बाह्यांत. बाह्या इतक्या लांब की हँगरवरचा तो कोट कुणाची तरी माफी मागत उभा आहे असं वाटावं.

आणि तशाच लांब हातांचा माणूस आमच्या घरात बसून होता. माझे बाबा, म्हणजे आत्याचे दादा. ते ज्या कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे तो बंद पडला, तेव्हापासून ते घरीच होते. दोनदा मुलाखतीला निघाले आणि दोन्ही वेळा फाटकातूनच परत आले. कारण कुणालाच सांगेनात. शेवटी आत्यानं ते दाढ उपटावी तसं उपटून काढलं. फाटकाला लागूनच असलेल्या कचेरीच्या काचेच्या दारात बाबांना स्वतःचं रूप दिसलं होतं. अंगात लग्नातला, धुऊन आटलेला कोट आणि बाह्यांतून वीतभर बाहेर आलेली मनगटं. "वाढत्या अंगाचं शाळकरी पोर दिसतो मी," ते म्हणाले. "मला कोण देईल कोठाराच्या किल्ल्या?"

सोमवारी तिसरी मुलाखत होती, एका मोठ्या हॉटेलच्या कोठारासाठी. आणि जेवताना मीठ मागावं इतक्या सहज बाबांनी सांगून टाकलं होतं की ते जाणार नाहीत. आईनं ताटावरून मान वर केली नाही. आत्याला मात्र कळलं की हा माणूस आता फाटकातून परत आला तर पुन्हा फाटकापर्यंतही जायचा नाही.

मग तिनं कोट तेव्हाच का नाही घेतला? कोणीही शहाण्यानं घेतला असता. पण आज पुऱ्या किमतीत घ्यायचा आणि शनिवारी तो अर्ध्यात मिळाला असता हे दुःख जन्मभर उशाशी घेऊन झोपायचं, हे काही आत्याच्या जिवाला झेपेना. तिनं तिथल्या मुरलेल्या गिऱ्हाइकांची जुनी लबाडी केली. हवी ती वस्तू दुकानातच अशा जागी दडवायची जिथे कुणी हात घालत नाही, आणि शनिवारी येऊन उचलायची. कोपऱ्यात पिवळ्या रेनकोटांची रांग होती. कोरडी थंडी पडलेली, रेनकोटांवर धूळ साचलेली. आत्यानं राखाडी कोट एका ढगळ रेनकोटाच्या आत त्याच हँगरला चढवला, रेनकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि नाक मुरडत बाहेर पडली.

शनिवारी दुपारी शटर वर गेलं तेव्हा ती पायरीवरच होती. आत जाऊन तिनं रिवाजाप्रमाणे आधी टोप्या पाहिल्या, पडदे पाहिले आणि मग सहज वळल्यासारखं करून कोपऱ्याकडे वळली.

कोपरा रिकामा होता. नुसती दांडी.

आत्या तडक गल्ल्याशी गेली. दुकानदाराला सगळे हुंकारशेठ म्हणतात, कारण त्याच्या तोंडून शब्द निघायचा तर आधी मुहूर्त काढावा लागतो.

"शेठ, ते रेनकोट दिसत नाहीत?"

"हूं."

"विकले?"

"हूं."

"सगळे?"

"हूं."

"अहो, या थंडीत कुणी घेतले?"

हे काही हुंकारात बसेना. शेठनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. आत्याचे प्राण त्या चष्म्यात. "बर्फाच्या कारखान्यानं. कामगारांना. एकगठ्ठा." मग त्याचे डोळे बारीक झाले. "तुम्हाला कशाला हवाय आत्ता रेनकोट?"

खरं सांगावं तर लबाडी कबूल. मग या पायरीवर पुन्हा पाय ठेवायची सोय नाही. "सहज हो," आत्या म्हणाली, आणि दाराबाहेर पडताच पळत सुटली.

कारखाना मासळीबाजाराच्या मागे. आत्या सहसा वाहनात बसायच्या आधी भाड्यावरून वाद घालते. त्या दिवशी रिक्षावाल्यानं सांगितलं तेवढं भाडं तिनं दिलं, आणि रिक्षावाला संशयानं नोट उलटसुलट करून बघत राहिला. वाटेत तिच्या डोक्यात एकच भुंगा होता. दादाची नोकरी आपण आपल्या हातानं रेनकोटात गुंडाळली, वर बटणंही लावली.

ती कारखान्यात शिरली. आत ओल, भुसा, आकड्यांनी ओढल्या जाणाऱ्या बर्फाच्या लाद्या, आणि जिकडे बघावं तिकडे पिवळे रेनकोट. सगळे एकसारखे, सगळे गळ्यापर्यंत बंद.

"काय पाहिजे बाई?" मुकादम ओरडला.

"रेनकोट."

"इथे बर्फ मिळतो!"

आत्यानं ऐकलंच नाही. ती एकेकाच्या समोर जाऊन गळ्याशी डोकावू लागली. कामगारांना भलतीच करमणूक झाली. "मावशी, माझ्या गळ्यात काय शोधताय?" "नवरा हरवला काय हो?" "हरवला असेल तर राहू द्या, आता बघू नका!" आत्या पुढच्या गळ्याकडे सरकली. चौथा झाला, पाचवा झाला, आत नुसते बनियन. भिंतीवरच्या खुंट्या पाहिल्या, बाकाखाली वाकून पाहिलं. नाही.

एवढ्यात बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं. बर्फ भरून ट्रक पुढच्या गावी निघाला होता. लाद्यांवर पोतं अंथरून एक बुटका माणूस ऐटीत बसला होता, आणि त्याच्या पिवळ्या बाहीच्या तोंडाशी राखाडी कापडाची जाडजूड दुमड दिसत होती.

"थांबव!"

ट्रक थांबेना. आत्या जाऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली. ब्रेक किंचाळला. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं. "मरायचंय का, बाई?"

"आधी त्याला खाली उतरव. मग बघते."

बुटका उतरला. त्यानं रेनकोटाची बटणं उघडली, आणि आत कोट होता, बाह्या तीन तीन वेळा दुमडलेल्या. "हा? हा रेनकोटातच निघाला," तो कोटाला थोपटत म्हणाला. "आमचं नशीब. अहो, काय ऊब आहे म्हणून सांगू!"

"तो माझा आहे."

"तुमचा? मग अंगात माझ्या कसा?"

आत्या आ वासून उभी राहिली, अगदी खुर्चीतल्या पेशंटसारखी. रुमाल कधीच गळ्यात घसरला होता आणि कानांच्या पाळ्या अख्ख्या कारखान्याला दिसत होत्या. बुटका काही खुळा नव्हता. त्यानं पाळ्या पाहिल्या.

"लई गरज दिसते. बोला, काय देता?" आणि तिनं पर्स उघडायच्या आत तो म्हणाला, "पैसे नको. बर्फावर पैशाला ऊब नसते. तुमच्या अंगातला स्वेटर द्या."

तो स्वेटर म्हणजे आत्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय. मरून रंगाचा, हातानं विणलेला, हुंकारशेठकडून जवळजवळ फुकट काढलेला. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी स्वेटरची गोष्ट. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. बुटका एक पाय चाकावर ठेवून म्हणाला, "जाऊ?"

आत्यानं स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. हातात दिला, पण सोडेना. "वर काय देतोस?"

"वर?"

"एवढ्या स्वेटरला नुसता कोट? तोही भिजका, माशाच्या वासाचा? वर काहीतरी दे."

बुटका तिच्याकडे बघत राहिला. मग ट्रकमधून एक खडा बर्फ काढून त्यानं तिच्या पिशवीत टाकला. तेव्हा कुठे सौदा पचला. बर्फाचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि घरी येईस्तोवर पाणी होऊन गेलेल्या बर्फालाही माहीत नव्हतं.

रविवारभर आत्या त्या कोटाच्या मागे होती. धुतला, लिंबू चोळलं, उन्हात टांगला, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली. वास उतरला, पण पुरता नाही. शेजारच्यांचं मांजर कोटाखाली येऊन बसलं आणि आशेनं वर बघू लागलं. बाबा बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. आईनं एकदा कोटाचा विषय काढून पाहिला, तर भिंतीकडूनच उत्तर आलं, "लोकांनी टाकलेला कोट घालून मी काम मागायला जाणार नाही. संपलं."

तेव्हा स्वयंपाकघरात मी म्हणाले, "आत्या, पैज. बाबा त्या बाहीत हातसुद्धा घालणार नाहीत."

"काय लावतेस?"

"तू म्हणशील ते."

"शाळेच्या सहलीला मी सांगेन ते कपडे घालायचे."

"कबूल." बाबांना मी चांगली ओळखते, असं मला वाटत होतं.

आत्यानं कोट उचलला, बाहेरच्या खोलीत नेला आणि बाबांच्या पाठीमागे दाराला टांगला. "दादा, इथे राहू दे हं जरा. आमच्या डॉक्टरांना विकायचाय उद्या."

आत्या अस्तर झटकत राहिली. आई दाराआड पदर चावत उभी. मला वाटलं, जिंकले.

"कितीला?" भिंतीकडून आवाज आला.

आत्यानं असा आकडा सांगितला की आईच्या हातातला चमचा पडला. बाबा उठून बसले.

"केवढ्याला? डोकं फिरलंय का तुझं?"

"कापड बघ की."

"कापड? बटण बघ बटण! चारांत एक सावत्र! आणि हा वास कसला येतोय?"

"समुद्राचा. परदेशी माल आहे."

"परदेशी! गंडवतेस त्या डॉक्टरला. आणि ही बाही? कुठल्या माणसाची असते एवढी बाही, सांग ना! ही बघ..." आणि तिची लबाडी उघडी पाडायला त्यांनी तावातावानं बाहीत हात घातला.

हात आत गेला, गेला, आणि बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली. बाबाही थांबले. त्यांनी दुसरा हात घातला, सावकाश. खांदे बसले. आत्या खिडकीतल्या कुंडीकडे बघत होती, आणि तिच्या कानांच्या पाळ्या...

"काढ आता," ती म्हणाली. "चुरगाळेल."

"थांब ना! डॉक्टर काय देतोय? त्याच्या निम्मे देईन मी."

"निम्मे? दादा, सख्ख्या बहिणीला लुटतोस?"

"सावत्र बटणाचे पैसे वजा कर. वासाचे कर."

ते दोघं किती वेळ भांडत होते कोण जाणे. बाबा किंमत खाली आणत गेले, आणि एकेक पायरी खाली येताना त्यांची मान वर येत गेली. शेवटी आत्यानं रडवेलं तोंड करून पैसे घेतले आणि बाबा आईला म्हणाले, "बघितलंस? हिला घासाघीस जमत नाही. नुसता बोलबाला."

सोमवारी ते हॉटेलच्या काचेच्या दारातून आत गेले. हे आम्हाला नक्की ठाऊक आहे, कारण आत्या समोरच्या फुटपाथवर स्वेटरशिवाय कुडकुडत उभी होती. दुपारी ते परत आले ते कोठाराच्या किल्ल्या किती ते सांगतच. एक तारखेपासून कामावर.

माझी सहल पुढच्या आठवड्यात आहे. आत्यानं गुरुवारी जाऊन पँट आणली, जांभळ्या चौकड्यांची, कमरेला इलास्टिक. मी म्हटलं, निदान रंग तरी बदल, मी दोन दिवस भांडी घासते. आत्या म्हणाली, "पैजेत घासाघीस नसते." पँट मला ढगळ होते. मी तसं सांगितलं, तर म्हणाली, वाढशील.