हिरव्या कोटाचा स्वीडिश शिपाई

आमचे हे रिटायर झाले आणि थेट स्वीडनच्या फौजेत गेले. म्हणजे बेसातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवायच्या टेबलावर. बोटाएवढे शिशाचे शिपाई आणायचे, डोळ्याला भिंग लावायचं आणि सतराव्या शतकातल्या स्वीडिश सैनिकांचे कपडे रंगवायचे. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

शहरातल्या सदर भागात अशा मॉडेलांचं प्रदर्शन होतं आणि यांना काहीही करून पहिला नंबर पाहिजे होता. परीक्षक फार कडक, म्हणे. कोटाचा रंग चुकला की शिपाई बाद. म्हणून यांनी मोबाइलवर त्या काळची चित्रं जमवली. एकात कोट निळे, दुसऱ्यात पिवळे, तिसऱ्यात मातकट.

"खरं कोणतं मानू वं?" यांनी मला विचारलं.

"चित्र काढणारा लढाईत होता का?"

"नाही न. पण त्याच काळातला माणूस आहे. त्या काळचं चित्र म्हणजे पुरावा!"

माझं डोकंच फिरलं. भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे. मूळचा ब्लॅक अँड व्हाइट, स्टुडिओवाल्यानं नंतर हातानं रंगवलेला. त्या बाबानं ना मला पाहिलं, ना विचारलं, आणि माझा हिरवागार शालू खुशाल गुलाबी करून टाकला.

"हाही त्या काळचाच," मी म्हटलं. "सांगा, माझा शालू कोणता होता?"

"गुलाबी."

"हिरवा होता!"

"काहीही काय सांगून राहिली? मी होतो न तिथं! तुझ्या बाजूलेच उभा होतो!"

बाप्पा! मी तरातरा उठले, कपाटातून शालू काढला आणि टेबलावर आपटला. दोन घोडेस्वार आडवे झाले. यांनी भिंग लावून शालू पाहिला, मग फोटो पाहिला, परत शालू पाहिला.

"हा दुसरा असंल," म्हणाले.

मला रडूच आलं. इतकी वर्षं संसार केला आणि या माणसाच्या डोळ्यांपुढे नवरी म्हणून उभी कोण, तर स्टुडिओवाल्याची गुलाबी बाई! प्रदर्शनापर्यंत मी यांच्याशी वरण वाढू का, एवढंच बोलले.

प्रदर्शनात यांचे शिपाई रांगेत उभे होते. सगळे कोट निळे. मधोमध झेंडा धरलेल्याचा मात्र हिरवागार, आणि काठाला जरीसारखी पिवळी रेघ.

परीक्षक थांबले. "काम उत्तम आहे. पण असा हिरवा कोट एकाही चित्रात नाही. चुकून झाला असेल तर तो काढून ठेवा, मी बाकीचे बघतो."

मी मनात म्हटलं, काढा हो, नंबर हातचा जाईल!

"काढत नाही," हे म्हणाले. "चित्रात काही का असेना. हिरवाच होता. मी होतो न तिथं."

परीक्षक यांच्याकडे बघतच राहिले, मग जरा घाईनं पुढच्या टेबलाकडे गेले. पहिला नंबर हुडकेश्वरच्या कोणाच्या तरी रणगाड्याला मिळाला. येताना यांनी बाकीची फौज डब्यात भरली. हिरव्याला मी हातातच धरून आणलं.