लेबलावरचा अंगठा

विद्यार्थ्याने काचपट्टी उचलली, की भाऊंचा अंगठा आधी तिच्या लेबलावर जाऊन बसायचा. "नाव नगं वाचू. आत बघ, मंग बोल." एवढं म्हणून ते पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवायचे आणि तिथेच उभे राहायचे, अंगठा न हलवता.

लोणावळ्याजवळच्या आमच्या दंतवैद्यक कॉलेजात ते लॅब टेक्निशियन होते आणि मी शिकवायला. कामशेतच्या पुढच्या एका वाडीत त्यांचं घर, घरची भातशेती. मेणात बसवलेल्या ग्रंथीचा केसाहून पातळ काप काढावा तर भाऊंनीच. त्या कापावर जांभळा-गुलाबी रंग चढवला, की आपल्या तोंडात लाळ कुठून येते ते दिसायचं. मी ते सगळं इंग्रजीत पाठ करून आले होते. भाऊ मुलांना मावळातलंच काहीतरी दाखवायचे.

"करवंदाचे घोस हायेत असं समजा. गालातल्या ग्रंथीत समदे दाणे गडद, त्यांची लाळ पाण्यावानी पातळ. जिभंखालच्या ग्रंथीत बहुतेक फिक्के, त्यांची लाळ चिकाट. जबड्याखालच्या ग्रंथीत दोन्ही. गडद लय, मदीच एखादा फिक्का, अन् त्याच्या माथ्यावर गडद चंद्रकोर. चंद्रकोर घावली की समजायचं, ही गालातली न्हाई."

दुपारी व्हरांड्यात ते डब्यातला इंद्रायणी भात मुलांच्या तळहातावर घासघास ठेवायचे. "चावा, पर गिळू नका." चावता चावता भात गोड लागायला लागला, की विचारायचे, "साखर कुनी घातली?" भाताची साखर लाळ करते, हे आमच्या मुलांना पुस्तकाआधी जिभेला कळलेलं असायचं.

टॉन्सिलवर मात्र त्यांचा विशेष जीव. कुणाचे काढलेले टॉन्सिल बाटलीतून आले, की ते जरा गंभीर व्हायचे. "ह्यो वेशीवरचा राखणदार. ह्याच्या अंगात खोल घळी असत्यात. तोंडावाटं आल्याला जंतू घळीत शिरतो, अन् तितंच पांढऱ्या पेशी त्याला गाठत्यात. त्या झटापटीत ह्यो सुजतो. मंग लोक ह्यालाच काडून टाकत्यात." डॉक्टर कधीकधी नाइलाजाने काढतात, असं मी एकदा म्हणाले. "व्हय, पर त्याचं काम तर सांगा पोरांना," भाऊ म्हणाले.

आता आमच्या मुलांची युक्ती सांगते. परीक्षेत लेबलं कागदाने झाकलेली असतात, म्हणून मुलं पट्ट्यांच्या खोडी पाठ करतात. टवका उडालेली ती टॉन्सिल, कोपऱ्यात हवेचा बुडबुडा असलेली ती गालातली लाळग्रंथी. हे ज्ञान एका वर्षाच्या मुलांकडून पुढच्या वर्षाच्या मुलांना मिळतं. आत डोकावायची गरजच उरत नाही.

त्या वर्षी बाहेरून परीक्षक आले होते. बुडबुड्याच्या पट्टीला सगळ्या वर्गाने 'गालातली' लिहिलं. वराळ्याच्या एका मुलीने 'जबड्याखालची' लिहिलं. ती अगदी काठावर होती. ते गुण गेले तर तिचं वर्ष जाणार होतं.

"असं का लिहिलं?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, चंद्रकोर दिसली."

परीक्षक हसले. उत्तरांच्या तक्त्यावर माझी सही होती. चार वर्षं मी ती पट्टी गालातली म्हणूनच शिकवत होते. त्या मुलीला उगाच चंद्रकोर दिसणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले. घाबरले, दुसरं काही नाही.

भाऊंचं परीक्षेतलं काम दिवे बदलण्याचं, बोलण्याचं नव्हे. ते भिंतीजवळून पुढे आले, मायक्रोस्कोपात वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, पोरगी बरोबर हाय. लेबल चुकलंय. त्ये म्याच चिकटवलंय."

"तुमचं शिक्षण काय?"

"अकरावी नापास. पर ह्यो काप माझ्या हातचा हाय. तुमी एकदा आत बघा."

परीक्षकांनी बराच वेळ बघितलं. मग मुलीला पूर्ण गुण दिले. गंमत म्हणजे बाकीच्यांचेही त्यांनी कापले नाहीत.

तिसऱ्या दिवशी भाऊंना मेमो आला: परीक्षेत हस्तक्षेप केला, लेखी माफी मागा. भाऊंनी एका कागदावर लिहून दिलं, 'लेबल चुकलं, त्याची माफी मागतो. बोललो, त्याची नाही.' आठवड्याभरात त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली, काचसामान मोजायला. मी भेटायला गेले तर स्वतःवरच हसत होते. "म्याडम, दुसऱ्यांच्या लेबलावर अंगठा ठिवत आलो, अन् सोता माजंच लेबल वाचून बसलो."

मला रडू आलं. "मी बोलायला हवं होतं, भाऊ."

"मंग आता बोला," ते म्हणाले.

मी अर्ज केला. तक्ता माझा होता, सही माझी होती, भाऊंचा मेमो मागे घ्या. उत्तर आलं नाही. भाऊ स्टोअरमधूनच निवृत्त झाले. निरोप समारंभाला शाल आणली होती, पण ते आले नाहीत. निरोप तेवढा आला, "शाल ठिवा. मेमो मागं घ्या, मंग येतो." शाल कपाटात पडून राहिली. मी दर परीक्षेला एक अर्ज करत राहिले.

गेल्या थंडीत भाऊ गेले. कॉलेजने मला ती शाल त्यांच्या घरी पोचवायला सांगितलं. मी नेली, हे कबूल करते. त्यांच्या पत्नी ओटीवर भात पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, शालीकडे बघितलं, हात लावला नाही.

"मेमो मागं घेतला का?"

"नाही, मावशी."

"मंग त्यांनी घेतली न्हाई ती मी कशी घिऊ?" त्यांनी मला चहा दिला आणि पुन्हा सूप उचललं.

शाल मी परत आणून कपाटात ठेवली, बुडबुड्याच्या पट्टीशेजारी. मग टेबलाशी बसून पाचवा अर्ज लिहिला.