ई आला की थांबायचं

"इंजिनिअर, मशीनला ई आलाय. ये वर." जिन्यातून एवढं सांगून काका परत वर जायचे.

मी इंजिनिअर नव्हतो, बीएस्सीला होतो. पण आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून काकांच्या लेखी मला सगळं येत होतं.

दिघीत आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. काका भोसरीच्या एका कारखान्यातून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. काकू गेल्या, मुलगी नागपूरला. वेळ जावा म्हणून तिने जुना कॉम्प्युटर दिला होता. त्यातला फक्त कॅल्क्युलेटर काकांना आवडला. आकड्याला आकड्याने गुणत बसायचे. आकडा खिडकीत मावेनासा झाला की त्यात 'e' यायचा. कारखान्यात मशीनच्या पडद्यावर ई आला म्हणजे बिघाड. मेंटेनन्सवाला येईपर्यंत ऑपरेटरने मशीनपाशी उभं राहायचं. काकाही तसेच उभे असायचे, खुर्ची रिकामी ठेवून.

पहिल्यांदा मी चाचरतच सांगितलं, "बिघाड नाही काका. आकडा फार मोठा झाला, म्हणून आखडून लिहिलाय. बाकीचे अंक आत आहेत."

"म्हणजे सुपरवायझर तेवढा बाहेर, आन् सगळी लाइन आत?"

"तसंच."

"मग माणसं दाखव की."

मी सायंटिफिक मोड लावला. सगळे अंक ओळीने उभे राहिले. एफ-ई बटण दाबलं की पुन्हा आखडायचे. काकांनी ते स्वतः करून पाहिलं, लगेच जमलं.

तरी पुढच्या आठवड्यात हाक आलीच. वर गेलो तर चहाचे दोन कप भरलेले. "बटण सापडंना," म्हणाले. बोट बटणाच्या शेजारीच होतं. मी ते दाबलं. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं कुणी असेल, तर तुम्हीही दाबलं असतं.

आता वरच्या खोलीला कुलूप आहे. काका नागपूरला गेले, त्याच्या आधीच्या रविवारी मी हाकेशिवायच वर गेलो होतो.

"काय बिघडलं?" त्यांनी दारातच विचारलं.

"काही नाही. बसायला आलो."

ते गोंधळले. घाईने कॉम्प्युटर लावून, ई यावा म्हणून नऊ-नऊ दाबायला लागले. मी "राहू द्या" म्हटल्यावर थांबले, चहा टाकून आले. दोन कप भरले, ते तसेच समोर राहिले.

"नागपूरला कॉम्प्युटर नेताय ना?" मी विचारलं.

"नेतोय. पण जावयाला सगळं येतं. घरातच असतो." कपाकडे बघत ते म्हणाले, "तिकडं कुणाला बोलवायला लागत न्हाई."

चहा केव्हाच निवला होता. काका तरी फुंकर घालत होते.